पट्टेरी माशांचा कौल

मासे धरायला खानदेशात गेले होते, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग कीव आल्यासारखे माझ्या नवऱ्याकडे बघतात. मी अलिबागची. आमच्याकडे मासळी दाराशी येते. आणि ही बाई चाळीसगावला गाडी बदलते, धुळ्याची धूळ खाते, केळीच्या बागेमागच्या नदीतून करंगळीएवढे मासे पकडून आणते, आणि तेही खायला नाही. ज्यांना हे वेड कधी लागणार नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे.

वेडाचं मूळ आमच्या साहेबांत. मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं उंदरांवर औषधं तपासली, तिथले हे प्रमुख. परदेशी एक चक्कर मारून आले आणि येताना डोक्यात झेब्रा मासा घेऊन आले. दीड इंच लांब, अंगावर निळे-रुपेरी पट्टे. याची अंडी काचेसारखी आरपार. दुसऱ्या दिवशी आतल्या पिल्लाचे डोळे दिसतात, काळीज उडताना दिसतं, आणि हे सगळं बशीत, आपल्यासमोर. कर्करोगावरचं औषध म्हणजे शेवटी भराभर वाढणाऱ्या पेशींना आवर घालणारी वस्तू, आणि अंड्याइतकं भराभर दुसरं काय वाढतं? तेव्हा पाण्यात औषध घालायचं. अंड्यांची वाढ अडली तर त्यात काहीतरी दम आहे, मग पुढे उंदरांवर जायचं. अंडी मजेत वाढली तर औषध मोरीत ओतायचं. कल्पना वाईट नव्हती. साहेबांच्या बाबतीत असं कबूल करायची पाळी माझ्यावर क्वचित येते.

वाईट होते ते मासे. हा मासा मुळात आपल्याच ओढ्यानाल्यांतला, पण आमच्याकडचे दुकानातून आणलेले, पिढ्यान्‌पिढ्या काचपेटीत वाढलेले, अंडी घालायच्या आधीच अंगाला बुरशी लावून घेणारे. साहेब म्हणाले, रानातले आणा. आणि जाताच आहात तर धुळ्याकडे एक आबा गाठीवर पूड देतात म्हणे, तीही आणा, तपासून बघू. साहेब स्वतः काचपेटीपासून दहा फुटांवर उभे राहतात. त्यांना ओल्याचा वास सोसत नाही.

धुळे

चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या पॅसेंजरबद्दल एवढंच सांगते की वाटेत एक गृहस्थ खाली उतरले, त्यांनी विडी पेटवली, निम्मी ओढली आणि पुन्हा त्याच डब्यात चढले. धुळ्याच्या स्टँडवर माझी पिशवी फाटली आणि तिच्यातल्या दोनशे काचेच्या गोट्या फलाटभर पळाल्या. हे मासे आपलीच अंडी घातल्या घातल्या खातात. तळाला गोट्या पसरल्या की अंडी फटींत घरंगळतात आणि वाचतात, म्हणून गोट्या. एका कंडक्टरने ओणवं होऊन त्या गोळा करून दिल्या आणि लेकरांना घेतल्या का म्हणून विचारलं. माशांना, असं मी खरं ते सांगितलं. त्याने टोपी सारखी केली आणि तो आपल्या गाडीकडे गेला.

दुपारी खानावळीत शेवभाजी घेतली. लाल तर्रीत शेव बुडवतात आणि तिला भाजी म्हणतात. फरसाणाला भाजी म्हणायचं धाडस आम्हा कोकणातल्या लोकांना झालं नसतं. मालकाने तिखट चालेल ना म्हणून विचारलं होतं, मी तोऱ्यात हो म्हटलं होतं, आणि पुढची पंधरा मिनिटं नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसले. वाईट एवढंच वाटलं की भाजी चांगली होती.

आबांचं ठिकाण साक्रीच्या रस्त्याला. पत्र्याची शेड, समोर नारळांचा ढीग आणि रांग. आबा साठीचे, धुवट धोतरातले, तब्येतीने ठणठणीत. एवढी दुखणी रोज समोरून जातात आणि यांना साधा खोकला नाही. हिरवट काळी पूड कागदात बांधून देत होते आणि प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवत होते. "एकवीस दिन ल्या, बठ्ठी गाठ इरी जाई. फक्त सुरी लावू नका. सुरी लागनी का गाठ आंगभर पसरस." एकवीस दिवसांत सगळी गाठ विरून जाते, असा अर्थ मी लावला.

पूड कशाची म्हणून मी विचारलं. सांगायला गुरूंची आज्ञा नाही म्हणाले. बरे झालेले पेशंट वर्षभराने पुन्हा पाहिलेत का, असं विचारलं, तर बरा झालेला माणूस परत कशाला येईल, असं त्यांनी मलाच विचारलं. न झालेलाही परत येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, की चांगलं आलं होतं, देव जाणे. मला पुडी मात्र दिली. मासे आजारी आहेत का, एवढी चौकशीही केली.

रांगेत माझ्यापुढे सुमनअक्का उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, रावेरकडच्या. सोबत त्यांचे दीर, नाना. दुसरी पुडी न्यायला एवढ्या लांब आले होते. मी कुणीतरी मुंबईची डॉक्टर आहे हे अक्कांनी आबांशी झालेल्या माझ्या बोलण्यावरून ओळखलं आणि शेडमागे नेऊन माझा हात धरून सरळ चोळीखाली छातीवर ठेवला. मी माणसांची डॉक्टर नाही, माशांची आहे, असं मी सांगत होते आणि बोटांना कळायचं ते कळत होतं. उंदरांच्या अंगातली अशी गाठ मी आयुष्यभर चाचपली आहे. आवळ्याएवढी, टणक, जागची न हलणारी. मी हात काढून घेतला. मला एकदम राग आला. आबांचा, रांगेचा, त्या नारळांचा.

बाकीचं नानांनी सांगितलं. जळगावच्या सर्जननी अजून वेळ आहे, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, असं बजावलं होतं. अक्का तिथून उठून आल्या त्या आबांकडे. कारण दोन वर्षांपूर्वी नानांची बायको अशाच एका दवाखान्यात ऑपरेशनला गेली ती परत आली नाही. तिला न्यायचा हट्ट नानांचाच होता. त्यामुळे आता वहिनीला कुठल्या तोंडाने सांगू, असं ते चपलेकडे बघत म्हणाले. मी दुसरा विषय काढावा म्हणून माशाचं चित्र दाखवलं. नाना लगेच म्हणाले, आमच्या सुकी नदीत ही बारकी मासळी पोतंभर मिळेल, चला आमच्याकडे.

सुकीच्या काठी

गावाचं नाव लिहीत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, नजर जाईल तिथवर केळी. केळीच्या बागेत म्हणे फार रम्य वाटतं. मला एकसारख्या हजार झाडांत चुकायला झालं आणि अंगावर चिकाचे डाग पडले, ते त्या साडीवर अजून आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आणि मी नदीवर गेलो. माझं परदेशी बनावटीचं जाळं पहिल्याच दगडात मोडलं. साहेबांनी ते मला देताना हळू धरा म्हणून तीनदा सांगितलं होतं. नानांनी घरून जुनी मच्छरदाणी आणली आणि दोन खेपांत माझा डबा भरला. वाहत्या, निवळ पाण्यात पट्टे असे लख्ख दिसत होते की मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मोठ्याने हसले. दुकानातल्या त्या फिकट भावंडांची मला लाज वाटली.

पकडलेले मासे प्रवासात कितपत तगतील याचा भरवसा नव्हता. म्हणून पुडीची परीक्षा इथेच करायची ठरवली. माझ्याजवळ आरशावर चालणारा छोटा सूक्ष्मदर्शक होता, बश्या होत्या, गोट्या होत्या. ओट्यावर बरणी मांडली.

त्या संध्याकाळी जेवताना चूक केली. जेवण होतं भरीत, वरण आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. हिरवी वांगी काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि वरून तेल ओततात. मी पहिल्या घासालाच अक्कांना सांगितलं की भरीत तेलात पोहतंय आणि वरणाला चव नाही. घरातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझा स्वभावच तसा. अक्का मीठ घेऊन आल्या. पण ही चूक नव्हे. चूक ही की पुढे नानांनी विचारलं म्हणून मी सगळा प्रयोग समजावून सांगितला. एका बशीत नुसतं पाणी, दुसऱ्या बशीत आबांची पूड. दोन दिवसांनी बघायचं, कुठली अंडी जगली, कुठली मेली.

अक्कांनी घास खाली ठेवला. "म्हंजे कौल लावता तुमी," त्या म्हणाल्या.

देवापुढे दोन बाजूंना फुलं लावायची, उजवं पडलं की काम करायचं, डावं पडलं की नाही, तो कौल. कौल नव्हे हो, प्रयोग, असं मी म्हणेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. औषधातले मासे जगले तर औषध खरं, अक्का पूड चालू ठेवणार. मेले तर औषध खोटं, दुसऱ्या दिवशी जळगाव. नानांच्या तोंडावर दोन वर्षांत पहिल्यांदा रंग आला असेल. देवाने ठरवलं तर त्यांच्या डोक्यावर काही येत नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. अहो, उलटं आहे ते! अंडी मजेत जगली म्हणजे पुडीत काही दम नाही, वाढणाऱ्या जिवाला ती अडवतच नाही, मग गाठीला काय अडवणार? मी पाट सरकवून पुढे झाले, भाकरीच्या तुकड्यांची गाठ करून दाखवली, पेशी म्हणजे काय इथून सुरुवात केली. सगळे ऐकत होते. शाळेत कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नसेल. आणि शेवटी नाना शांतपणे म्हणाले, पण ज्या औषधात मासा जगतो ते वाईट कसं असेल? आबांपेक्षा मला त्या क्षणी माझाच जास्त संताप आला. सतरा वर्षांचा अनुभव आणि एक पाटाएवढं अंतर पार होईना.

पहाटे उजाडता उजाडता मासे एकमेकांमागे पळायला लागले आणि गोट्यांच्या फटींत अंडी जमली. मी ती निवडून दोन बश्यांत घातली, एकीत पूड विरघळवली. अक्का हळदकुंकू घेऊन आल्या. पुडीच्या बशीवर त्यांनी टोपलं उपडं घातलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि कौल मध्येच बघायचा नसतो असं मला बजावलं. प्रयोगशाळेत कुणी माझ्या बशीवर टोपलं ठेवलं असतं तर मी त्याला खिडकीतून बाहेर टाकला असता. इथे बशीला धक्का लागू नये एवढंच बघितलं. उबेसाठी दोन्ही बश्या चुलीमागच्या कोनाड्यात गेल्या.

दोन दिवस करायला काही नव्हतं. गावातल्या लोकांनी माझ्याकडे रांग लावली. एकाचा गुडघा, एकीचं मूल, एकाची म्हैस. प्रत्येकाला मी माशांची आहे म्हणून सांगितलं आणि प्रत्येकजण बरं म्हणून गुडघा पुढे करायचा. साध्या पाण्याची बशी उघडीच होती, म्हणून अक्कांना मी सूक्ष्मदर्शक दाखवला. उजेड आरशात कसा घ्यायचा, चाक कसं फिरवायचं, एक डोळा कसा मिटायचा. दुसऱ्या संध्याकाळी काळीज उडायला लागलं, तेव्हा त्या कितीतरी वेळ वाकून बसल्या. पदर तोंडाशी धरला होता. मोहरीएवढ्या अंड्यात तांबूस ठिपका, आणि तो न थांबता उडतोय. मी ते हजार वेळा पाहिलंय आणि मलाही ते बघताना खवचट बोलणं सुचत नाही. अक्कांनी त्यांच्या बोलीत विचारलं की याले कोन सांगतं, चाल म्हणून? मी चाक थोडं फिरवून तो ठिपका त्यांना आणखी स्पष्ट करून दिला.

तिसऱ्या दिवशी मी उशिरा उठले. ऊन ओट्यावर आलं होतं, अक्का गोठ्यात होत्या, नाना देवळात. सगळे आठ वाजता कौल बघायला जमणार होते. मी कुणी नाही असं बघून टोपलं उचललं.

एकूण एक जिवंत. शेपट्या हलत होत्या, काळजं उडत होती. आबांची पूड म्हणजे वाळलेला पाला, बाकी काही नाही. माझ्या दृष्टीने याहून स्वच्छ निकाल असू शकत नव्हता. आणि तासाभराने हाच निकाल बघून घरभर आनंद होणार होता, आणि एक बाई दुसरी पुडीही एकवीस दिवस घेत राहणार होती, मग तिसरी आणायला धुळ्याला निघणार होती, सर्जननी दिलेला महिना उलटून जाईपर्यंत.

आमच्या प्रयोगशाळेत एकाने आकडे फिरवले होते म्हणून मी त्याच्याशी अजून बोलत नाही. त्याला जिन्यात बघितलं तर मी परत वर जाते. हे सगळं मला त्या कोनाड्यापुढे आठवलं. शेजारी चुलीवर चहाचं आधण खदखदत होतं. मी पळीभर पाणी घेतलं आणि पुडीच्या बशीत ओतलं. क्षणात अंडी दह्यासारखी पांढरी झाली. मग दुसरी पळी घेतली. बशी निवेपर्यंत पदराने वारा घातला, टोपलं उपडं घातलं, हळदकुंकू सारखं केलं. मग ओट्यावर जाऊन दात घासायला लागले.

आठ वाजता टोपलं उचललं गेलं. बघायला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. नाना देवाला हात जोडून रडायला लागले. अक्का बशीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं नीट बघितलं, आणि लुगडी बांधायला आत गेल्या.

जळगाव

मी त्याच दिवशी मासे घेऊन मुंबईची गाडी पकडणार होते. पकडली नाही. जळगावात एका लॉजवर राहिले, तिथल्या बादलीत मासे ठेवले, त्याबद्दल मॅनेजरने माझ्याशी भांडण काढलं आणि तो हरला. बाजारातून केळीचे वेफर्स घेतले, ते ठेंगण्या स्टुलावर बसून खाल्ले आणि कुणी विचारलं नव्हतं तरी दोन जणांना ते जाड आहेत म्हणून सांगितलं. प्रयोगाच्या वहीत खरं तेच लिहिलं. पूड निरुपद्रवी, निरुपयोगी. अंडी अठ्ठेचाळीस तासांनी सर्व जिवंत. त्यापुढची ओळ लिहायला घेतली आणि पेन मिटलं.

ऑपरेशन झालं. सर्जनने नानांना बाहेर येऊन सांगितलं की वेळेत आणलंत, गाठ पुरती निघाली, आता पुढचे उपचार नीट करा. नाना माझ्या पाया पडायला लागले. मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या आवाजाने नर्स धावत आली.

तिसऱ्या दिवशी अक्का उठून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे जागेवर. नाना चहा आणायला गेले होते. मी ठरवून गेले होते. या बाईच्या अंगावर सुरी फिरली ती माझ्या लबाडीवरून, तेव्हा तिला ते कळलं पाहिजे, मग तिने मला हाकलून दिलं तरी चालेल. मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, अक्का, तुम्हाला एक सांगायचं आहे, त्या बशीचं.

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलं व्हतं."

मी स्टुलावरून अर्धी उठले.

"तुमी झोपेल व्हत्या. सूर्य निंघाला तसं मी टोपलं उचललं. आरशात उजेड घेतला, तुमी शिकवला तसा. समद्यांचं काळीज उडत व्हतं."

मग मला तेव्हाच का नाही पकडलंत, असं मी विचारलं. कौल तर तुमच्या बाजूने पडला होता, मग या इथे आलात कशाला?

अक्कांनी दुसऱ्या बाजूचा हात सावकाश उचलून माझ्या हातावर ठेवला.

"मह्या वरनाले चव नाही, हे तुमी मह्याच घरात बसून मले तोंडावर सांगितलं. अशी बाई मह्यासाठी खोटं करते, तं म्हटलं, गाठ लई वाईट असीन. मंग निंघाली."